धरू नये

कुपवाडच्या एमआयडीसीत, हळदीच्या कारखान्यात
मी टाइम ऑफिसला आहे, सतरा वर्षं.
गेटातून चार पावलं आत आलं
की कॉलर पिवळी होते.
बायको म्हणते, तुमचं लग्न रोजच लागतंय.

मागच्या दिवाळीत पुण्याहून एक फ्रेम आली,
काचेची, स्क्रूसकट.
आमची मूल्ये: सचोटी. आदर. आपुलकी. नावीन्य.
भोकं मीच पाडली, लेव्हलही मीच बघितली.
'आदर'चा कोपरा जरा कलत होता,
मागं पुठ्ठ्याचा तुकडा सारला.

त्याच खोक्यात मशीन होतं.
अंगठा ठेवा, हिरवा दिवा, आत या.

शालन ऐवळेचा अंगठा त्याला कळेना.
बावीस वर्षं हळकुंडं चोळून, निवडून
बोटांवरच्या रेषाच गेल्यात,
टाकी न लावलेल्या पाट्यासारखं
गुळगुळीत झालंय बोट.
मशीन गोड आवाजात म्हणतं, कृपया पुन्हा प्रयत्न करा.
शालन पदराला अंगठा पुसते. पुन्हा.
डोक्याच्या तेलाला लावते. पुन्हा.
मग माझ्याकडं बघून हसते,
"मी न्हाईच म्हनतंय की वं ते, कबाडगे."

ती आत गेली. दिवसभर चाळणीवर बसली.
संध्याकाळी पडद्यावर: ऐवळे शा. बा., गैरहजर.

सहा दिवस गैरहजर असलेल्या बाईनं
चार क्विंटल माल निवडला.
पावत्या माझ्याकडं आहेत.

मी निमिष सरांना मेल टाकला.
उत्तर लगेच आलं, नम्र होतं:
सिस्टिम सगळ्यांना सारखीच आहे,
समानता हे आपलं मूल्य आहे.
मी उठून फ्रेम बघून आलो.
समानता त्यात नव्हती.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात
मगदूम अण्णांचं मस्टर आहे,
एक कोपरा उंदरानं खाल्लेला.
अण्णा काही संत नव्हते.
शिव्या अशा द्यायचे की पॉलिशचा ड्रम थांबावा.
पण समासात, बारीक अक्षरात:

खोत दा. – पाऊण तास उशीर. नदी चढली. धरू नये.
मुल्ला रु. – अर्धा दिवस. पोरीचा निकाल. धरू नये.
ऐवळे शा. – दोन दिवस नुसती बसून होती. नवरा. धरू नये.

आणि एका पानावर लाल शाईनं, खाली दोन रेघा:
मालात थुंकला. पगार कापणे. धरावे.
तो त्यांचा सख्खा मेव्हणा होता.

नव्या सिस्टिमला समास नाही.
चार कारणं आहेत, बोट लावलं की उलगडतात:
आजारी, रजा, विनापरवाना, इतर.
'इतर'पुढं बारा अक्षरांची जागा.
मी मोजलं. उकार, मात्रा मिळून सहा,
मधली मोकळी जागा सातवी.
बसत होतं.
ऐवळे शा. बा., सहा दिवस, सहा वेळा लिहिलं.
हात थरथरला असं म्हणणार नाही,
चहा निवला एवढंच.

गुरुवारी पुण्याहून फोन.
"हे 'धरू नये' म्हणजे कुठला कोड?"
जुना आहे, सर.
"पॉलिसीत आहे का?"
बघून सांगतो म्हणालो.
बघायला गेलो तर काचेवर हळदीचा थर,
सचोटीपासून नावीन्यापर्यंत एकच रंग,
काही लागेना वाचायला.
बोटानं पुसायला लागलो.
पुसलं तेवढं पुन्हा बसत होतं.

फोन अजून केलेला नाही.
पगार सोळा तारखेला.
तोवर काय होईल ते होईल.

आज सकाळी माझाही अंगठा
तिसऱ्या खेपेला लागला.
मागं रांगेत शालन होती.
"पुसा," म्हणाली, "पदर नसला तर रुमालाला पुसा.
होतंय."